परभाषेचा प्राध्यापक आणि त्याचे ऋण

ऋण हा शब्द धर्मशास्त्रात आणि आमच्या वकिली व्यवसायात सारख्याच वजनाचा आहे. मात्र दोन्हीकडे त्याचा अर्थ एक नाही. न्यायालयात ऋण शाबीत करावयाचे तर धनको कोण, ऋणको कोण, रक्कम किती आणि मुदत कोणती, या चार प्रश्नांची उत्तरे द्यावी लागतात. देवऋण, ऋषिऋण आणि पितृऋण यांच्या बाबतीत धनको समोर उभा राहत नाही, तगादा लावीत नाही, आणि दस्तऐवजही कोणत्या कचेरीत नोंदलेला नसतो. तरीही ते फेडावयाचे असते. ऋषिऋण अध्ययन-अध्यापनाने फिटते अशी आपली परंपरागत समजूत आहे. परंतु ज्यांची विद्या आपण घेतली ते ऋषी सातासमुद्रापलीकडचे असतील, त्यांच्या भाषेतील एक अक्षरही आपल्या आजीला कळत नसेल, आणि ती भाषा शिकवूनच आपला चरितार्थ चालत असेल, तर हे ऋण कोणाचे? आणि ते फेडावयाचे कोठे?

हा प्रश्न आम्ही हौसेखातर उपस्थित केलेला नाही. गेल्या शंभर वर्षांत आपल्या भागातील कित्येक बुद्धिमान माणसांनी इंग्रजी साहित्याच्या अध्यापनात आयुष्य वेचले. त्यांच्याकडे पाहण्याच्या समाजाच्या दृष्टीत एक चमत्कारिक दुटप्पीपणा आहे. सोयरीक जुळविताना 'इंग्रजीचे प्रोफेसर' हे शब्द मोठ्या अभिमानाने उच्चारले जातात. तेच गृहस्थ एखाद्या उत्सवातील व्याख्यानात शेक्सपिअरविषयी बोलू लागले, की मागल्या रांगेतून 'याचा आपल्याला काय उपयोग?' अशी कुजबूज सुरू होते. आणि त्यांनी स्वभाषेत कविता लिहिली, तर विद्यापीठातील त्यांचे सहकारी विचारतात, पगार कशाचा घेता आणि काम कशाचे करता? घर आणि विद्यापीठ अशा दोन्ही ठिकाणी हा मनुष्य थोडासा आरोपीच असतो.

आम्ही हे हुबळीच्या कमरीपेठेत बसून लिहीत आहो. येथे घरात कोंकणी, पोथीत व पत्रिकेत मराठी, बाजारात कन्नड आणि हायकोर्टाच्या कागदांवर इंग्रजी अशी चार भाषांची वहिवाट एका दिवसात पुरी होते. येथून वीस किलोमीटरांवरील धारवाडात १९१७ साली कर्नाटक कॉलेज निघाले, आणि इंग्रजीच्या प्राध्यापकाचा हा प्रश्न ज्यांच्या चरित्रात सर्वांत ठळकपणे दिसतो ते विनायक कृष्ण गोकाक त्याच कॉलेजचे विद्यार्थी. तेव्हा दूर जाण्याचे कारण नाही.

गोकाकांचा जन्म १९०९ साली सवणूरचा. मुंबई विद्यापीठाची पदवी घेऊन ते पुण्याच्या फर्ग्युसन कॉलेजात इंग्रजी शिकवू लागले. पुढे ऑक्सफर्डला जाऊन १९३८ साली इंग्रजी साहित्यात पहिल्या वर्गात उत्तीर्ण झाले. परत आल्यावर सांगलीच्या विलिंग्डन कॉलेजचे प्राचार्य झाले. काही काळ गुजरातेत विसनगरला, पुढे कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजात, आणि १९५२ पासून धारवाडला आपल्याच जुन्या कॉलेजचे प्राचार्य. म्हणजे या कन्नड कवीचा ऐन उमेदीचा काळ बव्हंशी मराठी मुलखात, मराठी मुलांना इंग्रजी कविता शिकविण्यात गेला. १९५९ साली ते हैदराबादच्या मध्यवर्ती इंग्रजी संस्थेचे संचालक झाले. ही संस्था निघून तेव्हा जेमतेम एक वर्ष झाले होते. देशातील इंग्रजीच्या शिक्षकांना शिकविण्याची पद्धती शिकवावी हा तिचा हेतू. आज तीच संस्था विद्यापीठ होऊन बसली आहे. १९६६ साली ते बंगळूर विद्यापीठाचे कुलगुरू झाले. इंग्रजीच्या अध्यापकाला या देशात जेवढ्या पायऱ्या चढता येतात, तेवढ्या सर्व ते चढले असे म्हणण्यास हरकत नाही.

आणि हे सर्व चालू असता हा मनुष्य 'विनायक' या नावाने कन्नडात लिहीत होता. विलायतेच्या प्रवासातून 'समुद्रगीतेगळु' निघाली व १९४० साली छापून झाली. १९६० साली 'द्यावा-पृथिवी'ला साहित्य अकादमीचे पारितोषिक मिळाले, आणि १९९० चा ज्ञानपीठ पुरस्कार त्यांस लाभला तो 'भारत सिंधुरश्मि' या विश्वामित्रावरील महाकाव्याच्या कर्तृत्वाबद्दल. तरुणपणी ते इंग्रजीत कविता करीत. त्यांना कन्नडाकडे वळविले ते धारवाडचे द. रा. बेंद्रे यांनी. यात एक गंमत आहे, ती वाचकांनी सोडू नये. बेंद्रे यांच्या घरची भाषा मराठी. मराठी घरातील एक कवी इंग्रजीच्या एका विद्यार्थ्याला सांगतो की बाबा, तुझी प्रतिभा कन्नडाला दे. आणि स्वतः बेंद्रेही आपले सर्वस्व कन्नडालाच देतात. १९७३ चे ज्ञानपीठ त्यांना मिळाले तेही कन्नड कवितेबद्दलच.

येथपर्यंत कोणाचीच तक्रार नसावी. वकिलाच्या दृष्टीने आम्ही हे असे पाहतो: इंग्रजीच्या प्राध्यापकाने शेक्सपिअरचे वकीलपत्र घेतलेले असते. वर्गात त्याने शेक्सपिअरची बाजू मन लावून, पदरचे काही न घालता मांडली पाहिजे. पण वकीलपत्र घेतले म्हणून वकील पक्षकाराच्या घराण्यात दत्तक जात नाही. संध्याकाळी तो आपल्या घरी येतो, आणि आपल्या भाषेत देवापुढे दिवा लावतो. पगाराचे ऋण वर्गातच फिटते. तेथे चुकारपणा करून घरी कादंबऱ्या लिहिणारा प्राध्यापक आम्हांस मुळीच मान्य नाही, मग त्याची कादंबरी कितीही सुरस असो. परंतु वर्गातील काम चोख केल्यावर जे उरते, ज्याला कोणताही धनको हक्काने मागू शकत नाही, ते ज्याने त्याने कोठे द्यावे हा त्याचा स्वतःचा प्रश्न होय.

अडचण पुढे आली. १९८० साली कर्नाटक सरकारने शाळांतील भाषाविषयक धोरणासाठी समिती नेमली आणि अध्यक्षपद गोकाकांकडे दिले. तंटा संस्कृतच्या स्थानावरून उपस्थित झाला होता. १९८१ च्या जानेवारीत अहवाल आला: माध्यमिक शाळांत कन्नड हीच एकमेव प्रथम भाषा असावी व तिला १५० गुण असावेत. सरकार चालढकल करू लागले तेव्हा १९८२ साली या अहवालासाठी प्रचंड चळवळ झाली, नटश्रेष्ठ राजकुमार तिच्या अग्रभागी आले, आणि ज्या प्राध्यापकाने जन्मभर वर्ड्‌स्वर्थ शिकविला त्याचे नाव गल्लोगल्ली कन्नडाच्या घोषणेत दुमदुमू लागले.

तेव्हा टीकाकार म्हणाले, आणि अजूनही म्हणतात, की स्वतः इंग्रजीच्या होडीतून नदी पार करून या गृहस्थांनी मागल्यांसाठी होडी ओढून घेतली. हा आरोप आम्हांस अन्यायाचा वाटतो. अहवालाने इंग्रजी शाळेतून हद्दपार केली नव्हती; तिचे स्थान प्रथम भाषेचे नसावे एवढेच म्हटले होते. शिवाय परभाषा उत्तम शिकविणाऱ्याला ती कोणत्या पायावर उभी राहते हे इतरांहून अधिक कळते. ज्या मुलाला कोणतीच एक भाषा धड येत नाही, त्याला मिल्टन शिकविणे म्हणजे पालथ्या घड्यावर पाणी, हा अनुभव इंग्रजीच्या प्रत्येक प्रामाणिक अध्यापकाच्या गाठी असतो. हैदराबादची संस्था चालविणारे गोकाक आणि अहवाल लिहिणारे गोकाक यांच्यात आम्हांस विसंगती दिसत नाही.

त्याहून मोठी गोष्ट इतिहासाची, आणि ती आपण मराठी वाचणाऱ्यांनी विशेष लक्षात ठेवावयास हवी. एकोणिसाव्या शतकात या धारवाड प्रांतात कन्नड घरांतील मुलांना मराठी शाळांत बसविले जाई. सरकारी कामकाजात मराठीचा बोलबाला होता. 'डेप्युटी' चन्नबसप्पांनी कन्नड शाळांसाठी झगडून ही स्थिती पालटली. १८९० साली धारवाडात कर्नाटक विद्यावर्धक संघ निघाला तोही याच वेदनेतून. ज्या गावात कन्नड मुलाला आपल्याच भूमीत परक्या भाषेत मुळाक्षरे गिरवावी लागली, तेथील एखादा म्हातारा कन्नडाच्या अग्रस्थानाविषयी हट्ट धरतो, तर त्या हट्टाच्या मुळाशी आपल्या पूर्वजांचाही थोडा हात आहे. बेळगावच्या प्रश्नावर तावातावाने बोलणाऱ्या आमच्या मराठी मित्रांना आम्ही हे अनेकदा ऐकवितो. त्यांना ते आवडत नाही. असो.

इतके सर्व मान्य करूनही आमचा त्या अहवालाशी मतभेद आहे, आणि तो नीतीचा आहे. कन्नड देशात राहणाऱ्या प्रत्येक मुलाला कन्नड आले पाहिजे, याविषयी आम्हांस शंका नाही. येथील मातीत राहून, येथल्या माणसांच्या खटल्यांवर पोट भरून, त्यांची भाषा न शिकणे हा कृतघ्नपणा होय. पण 'शिकली पाहिजे' आणि 'तीच एक प्रथम भाषा असली पाहिजे' यांच्यात अंतर आहे. ज्या मुलाच्या घरात मराठी, उर्दू, तेलुगू किंवा तमिळ बोलली जाते, त्याच्या मातृभाषेला प्रथम स्थानावर बसण्याचा हक्कच नाही, असे दुसऱ्या वाक्याने ठरते. १९८२ साली सरकारने त्याप्रमाणे हुकूम काढला आणि १९८९ साली कर्नाटक उच्च न्यायालयाच्या पूर्णपीठाने तो घटनेशी विसंगत ठरविला. १९५६ साली घटनेत घातलेल्या ३५०-क या अनुच्छेदाप्रमाणे भाषिक अल्पसंख्याकांच्या मुलांस प्राथमिक शिक्षण मातृभाषेतून मिळण्याची सोय करावयाची असते. पुढे शिक्षणाच्या माध्यमाचा वाद सर्वोच्च न्यायालयात गेला, आणि २०१४ साली पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाने सांगितले की प्राथमिक शाळेत मातृभाषेचे माध्यमसुद्धा सरकार सक्तीने लादू शकत नाही. मुलाने कोणत्या भाषेतून शिकावे हे ठरविणे पालकांचे काम.

या शेवटच्या निकालाने आमचे पूर्ण समाधान झाले असे मात्र नाही. निवड पालकांची हे तत्त्व म्हणून ठीक. व्यवहारात पालक निवडतात ती बहुधा इंग्रजी शाळा. कमरीपेठेतील आमचे पक्षकार, त्यांत दुकानदार आहेत, कारागीर आहेत, खतपत्राचे काम संपले की जाता जाता विचारतात, 'वकीलसाहेब, पोराला कोणत्या मीडियममध्ये घालू?' आम्ही मातृभाषेचे नाव काढले की ते नम्रपणे ऐकून घेतात, आणि आमची स्वतःची मुले कोठे शिकली हे विचारीत नाहीत. तेवढा मोठेपणा त्यांच्यात आहे. जूनमध्ये त्यांचे पोर गळ्यात टाय बांधून बसमध्ये चढलेले दिसते. त्यांना दोष कोणत्या तोंडाने द्यावा? सक्ती न्यायालयाने नाहीशी केली; बाजाराची सक्ती कोणत्या पीठापुढे न्यावी हे आम्हांस सापडलेले नाही.

तरीही गोकाकांच्या अहवालात आम्हांस जे खटकते ते त्यांच्याच चरित्रावरून दाखविता येते. गोकाक कन्नडाकडे वळले ते हुकुमाने नव्हे. एका कवीच्या स्नेहाने. बेंद्रे मराठी घरातून कन्नडात आले ते प्रेमाने. गोव्याचे आर्मांदो मेनेझिस धारवाडात इंग्रजीचे प्राध्यापक होते. स्वतः इंग्रजीत कविता करीत. कोंकणी ख्रिस्ती घराण्यातील या कवीने सं. मु. अंगडी यांच्या सोबतीने बसवण्णांची वचने इंग्रजीत नेली. ते भाषांतर १९६७ साली प्रसिद्ध झाले. त्यांच्यावर कोणी १५० गुणांची अट घातली होती? आपल्या सारस्वत समाजातील गिरीश कार्नाड घरी कोंकणी बोलत. १९५८ साली, म्हणजे गोकाक प्राचार्य असतानाच, त्यांनी कर्नाटक कॉलेजातून पदवी घेतली. इंग्रजी कवी होण्याची आकांक्षा त्यांनी बाळगली होती, आणि ऑक्सफर्डला जाण्याच्या तयारीत असता जे नाटक हातून उतरले ते 'ययाति', तेही कन्नडात. ते का उतरले याचे त्यांना स्वतःलाच आश्चर्य वाटत असे.

यावर कोणी म्हणेल की ही सर्व लोकोत्तर माणसे. सामान्य मुलांना वळण लावावे लागते. आक्षेप खरा आहे. बेंद्र्यांना किंवा कार्नाडांना कन्नड आली ती धारवाडच्या रस्त्यांवर व शाळांत कन्नड जिवंत होती म्हणून. आणि ती जिवंत राहावी यासाठी कोणीतरी कधीतरी सरकार-दरबारी भांडले होते म्हणून. नियमाशिवाय भाषा टिकत नाही, हे आम्ही नाकारीत नाही. आमचे म्हणणे इतकेच की आपण स्वखुशीने मानलेले ऋण दुसऱ्याच्या मुलाकडून करासारखे वसूल करता येत नाही. गोकाकांवर कन्नडाचे ऋण होते. ते त्यांनी पन्नास वर्षे, वर्गातील काम सांभाळून, कवितेने फेडले. त्या फेडीची शोभा अशी की कोणी मागितले नव्हते. अहवालाने त्याच फेडीला हप्ते बांधून दिले, आणि तेही ज्यांनी कर्ज काढले होते त्यांच्याबरोबर ज्यांचे खाते दुसऱ्या सावकाराकडे होते त्यांनाही. आमचा नीतीचा आक्षेप येथे आहे. कायद्याचा नंतर येतो.

मराठी बाजूसही याच जातीची माणसे झाली. विंदा करंदीकर मुंबईच्या कॉलेजांत इंग्रजी शिकवीत. त्यांनी ॲरिस्टॉटलचे काव्यशास्त्र मराठीत आणले, गटेचा 'फाउस्ट' आणला, 'राजा लिअर' आणला. आणि मग ज्ञानेश्वरांचा 'अमृतानुभव' आजच्या मराठीत उतरविला. परक्यांची तत्त्वचर्चा मराठीत आणता आणता जो हात तयार झाला, तो अखेरीस ज्ञानदेवांकडे गेला, हा क्रम आम्हांस फार अर्थपूर्ण वाटतो. मंगेश विठ्ठल राजाध्यक्ष हेही इंग्रजीचे प्राध्यापक; त्यांच्या मराठी निबंधांतील मिस्कील, मोजके वाक्य इंग्रजी निबंधकारांच्या सहवासात घडले असले, तरी वाचताना ते कोठेही भाषांतरासारखे लागत नाही. हाळियाळचे शांतिनाथ देसाई कोल्हापूरला शिवाजी विद्यापीठात इंग्रजी शिकवून कन्नड कादंबऱ्या लिहीत. म्हणजे मराठी गावात, इंग्रजी खुर्चीवर, कन्नड लेखणी. आणि ए. के. रामानुजन बेळगावला लिंगराज कॉलेजात इंग्रजी शिकवीत असता लोककथा गोळा करीत हिंडत. शिकागोला गेल्यावर त्यांनी वचनांची जी इंग्रजी भाषांतरे १९७३ साली प्रसिद्ध केली, त्यांमुळे बसवण्णा आणि अक्कमहादेवी जगभर वाचली गेली.

यांतील प्रत्येकाने ऋणाचा वेगळा हिशेब मांडला आहे. कोणी परक्याचे धन घरी आणले, कोणी घरचे धन परक्यांच्या दारी पोहोचविले. मेनेझिस आणि रामानुजन यांनी बसवण्णांना इंग्रजीत नेले हे इंग्रजीचे ऋण फेडणे झाले की कन्नडाचे? आम्हांस वाटते, दोन्हींचे. आणि अशा व्यवहारात दोन धनकोंमध्ये भांडण लागत नाही. सावकारी कायद्यात याला जागा नाही.

एका धनकोचे नाव मात्र आम्ही अजून घेतलेले नाही, आणि तो सर्वांत जवळचा आहे. तो म्हणजे शेवटच्या बाकावरचा विद्यार्थी. त्याला कविता नको असते, मातृभाषेचा उद्धारही नको असतो. त्याला अर्ज लिहिता यावा, मुलाखतीत चार वाक्ये न अडखळता बोलता यावीत, एवढेच हवे असते. मोठ्या प्राध्यापकांच्या चरित्रांत हा विद्यार्थी फारसा दिसत नाही. गोकाकांच्या बाबतीत तो दिसतो तो हैदराबादच्या संस्थेत. कारण तेथे शिकविले जात होते ते शेक्सपिअर कसा वाचावा हे नव्हे, तर खेड्यातील शाळामास्तराने साधी इंग्रजी साध्या मुलांना कशी शिकवावी हे. त्यांच्या महाकाव्याइतकेच, किंबहुना काकणभर अधिकच, आम्ही त्या सहा-सात वर्षांना मानतो. अशा कामाला पुरस्कार नसतो आणि त्यावर पीएच.डी.चे प्रबंधही लिहिले जात नाहीत.

आता आपल्या घरचा विचार. कोंकणीला १९९२ साली घटनेच्या आठव्या परिशिष्टात स्थान मिळाले. कर्नाटकातील शाळांतही तिसरी भाषा म्हणून ती ऐच्छिक विषय झाली आहे, आणि लागलीच लिपी देवनागरी असावी की कन्नड यावर आपण भांडू लागलो आहो. शणै गोंयबाब ऊर्फ वामन रघुनाथ वर्दे वालावलीकर कोणत्याही विद्यापीठात प्राध्यापक नव्हते. मुंबईत नोकरी करता करता त्यांनी फ्रेंच मोलिएर कोंकणीत आणला, आणि १९४६ साली वारले तेव्हा या भाषेला विद्यापीठाचा आधार नव्हता. आज तो आहे. आपल्या समाजात इंग्रजी साहित्याच्या प्राध्यापकांची, निवृत्त व सेवेतील, उणीव नाही. देवळाच्या वार्षिक अहवालांत त्यांच्या देणग्या नियमित छापून येतात. कोंकणीतून शिकविण्यासाठी सहावी-सातवीच्या मुलांना वाचावीशी वाटतील अशी पुस्तके कितीशी आहेत? ती लिहिण्यास परभाषेत मुरलेला, आणि म्हणून आपल्या भाषेत काय उणे आहे हे नेमके ओळखणारा हात लागतो. सक्ती आम्ही कोणावर करू इच्छीत नाही. तसा अधिकारही आम्हांस नाही. पुढील चातुर्मासात व्याख्यानमाला आखताना व्यवस्थापक मंडळींनी या प्राध्यापकांस शेक्सपिअरवर बोलावयास अवश्य बोलवावे, आणि मागल्या रांगेतील मंडळींनी ते शेवटपर्यंत ऐकावे. चहाच्या वेळी मग एखाद्याने त्यांना विचारून पाहावे, की मास्तर, यातले थोडेसे आमच्या नातवाला कळेल अशा कोंकणीत लिहून द्याल काय?